कनेक्शन तुमच्या नावावर, वापर सगळ्या घराचा: इंटरनेट वापराचे नियम गोव्यात कसे पाळायचे

बांदोड्याचे एक निवृत्त मास्तर गेल्या वर्षी चवथीच्या आधी माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं पोलिसांचं पत्र त्यांच्या हातात होतं. परराज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याने विचारलं होतं की अमुक तारखेला रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी तुमच्या कनेक्शनवरून एक खोटं खातं उघडलं गेलं, ते कोणी उघडलं? मास्तर साडेनऊला झोपतात. घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या होत्या, वाय-फायचा पासवर्ड चार वर्षं तोच होता आणि खोलीच्या दारामागे खडूने लिहिलेला होता. भाडेकरूचं नाव आणि आधारची झेरॉक्स त्यांच्या वहीत सापडली, म्हणून निभावलं. तरी चार फेऱ्या झाल्या आणि चवथीचा सगळा आनंद गेला.

मास्तरांनी गुन्हा केला नव्हता. पण ज्या नियमांखाली त्यांनी सही केली होती, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम त्यांना कुणीच सांगितला नव्हता: कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्याला. फोंडा तालुक्यात इंटरनेटच्या जोडण्या देण्याचं आणि तक्रारी सोडवण्याचं काम मी बारा वर्षं करतोय. जोडणी द्यायला गेलेला आमचा माणूस घाईत असतो, ग्राहकाला नेट कधी चालू होतंय याची घाई असते, आणि नियमांचा कागद दोघांच्या मध्ये तसाच पडून राहतो. तो कागद उघडून काय करायचं ते इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कागद शोधा आणि नाव बघा

जोडणी घेताना एक ग्राहक अर्ज भरला जातो, ज्याला आमच्यात कॅफ म्हणतात. हल्ली तो टॅबवर भरतात आणि मोबाइलवर ओटीपी येतो. तो ओटीपी तुम्ही सांगितला म्हणजे सही केली. अर्जाची प्रत ईमेलवर आलेली असते किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते. मिळाली नाही तर कार्यालयात जाऊन मागा, ती तुमचीच आहे.

सगळ्यात आधी नाव बघा. आमच्याकडे निम्मे घोळ इथूनच सुरू होतात. कनेक्शन वडिलांच्या नावावर, वडील वारून तीन वर्षं झाली. किंवा कनेक्शन मुलाच्या नावावर, आणि मुलगा लंडनला किंवा लिस्बनला. बिल भरलं जातंय तोवर कुणाला फिकीर नसते. पण पोलिसांचं पत्र येतं त्या नावावर, कंपनीचा इशारा जातो त्या मोबाइलवर, आणि बंद पडलेल्या लाइनची तक्रारही त्या नावाने करावी लागते. प्रत्यक्ष घरात राहणाऱ्या आणि फोन उचलणाऱ्या माणसाच्या नावावर कनेक्शन करून घ्या. मृत्यूचा दाखला, नव्या माणसाचं ओळखपत्र आणि नवा अर्ज, एवढंच बहुतेक ठिकाणी लागतं.

मग प्लॅन घरगुती आहे की व्यावसायिक, ते बघा. घरगुती प्लॅनवर कॅफे, गेस्टहाउस किंवा ऑफिस चालवणं जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या नियमांत बसत नाही. त्यानंतर लाइन पुढे कुणाला देण्याबद्दल, विकण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. शेवटी, कोणत्या कारणासाठी आगाऊ सूचना न देता सेवा थांबवता येते, ते कलम. ही तीन कलमं वाचायला दहा मिनिटं लागतात.

सगळ्या कंपन्यांचे नियम एकमेकांची नक्कल केल्यासारखे दिसतात, त्याचं कारण आहे. काही अटी सरकारी परवान्यातून येतात, काही २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातून आणि त्याखालच्या २०२१ च्या नियमांतून. अश्लील मजकूर, दुसऱ्याच्या नावाने वावरणं, व्हायरस पसरवणं, मुलांना हानी होईल असा मजकूर, देशाच्या सुरक्षेला धोका, या गोष्टी मनाई म्हणून ग्राहकाला सांगणं कंपनीवर बंधनकारकच आहे. जुन्या कागदावर ६६-अ कलमाचा उल्लेख दिसला तर घाबरू नका. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आहे.

दुसरी पायरी: लाइन कोण कोण वापरतं त्याची यादी करा

बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून घरच्यांना विचारा. पासवर्ड कुणाकुणाला दिलाय? शेजारच्या मुलाला परीक्षेच्या वेळी दिला होता, तो अजून चालू आहे. रंगकाम करणाऱ्यांना दिला होता. बहिणीकडचे लोक दर मे महिन्यात येतात, त्यांच्या सगळ्या फोनांत तो साठवलेला आहे. जुन्या मोठ्या घरात वाटण्या झालेल्या असतात, तिथे तर एकाच लाइनवर तीन चुली चालतात.

याचा पोलिसांच्या पत्राशी संबंध काय, ते समजून घ्या. तुमच्या घरातला मोबाइल, टीव्ही, भाडेकरूचा लॅपटॉप, सगळे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकाने दिसतात. त्यातही पत्ते कमी पडतात म्हणून बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात. मग कुठलं घर, हे ओळखायला कंपनी वेळ आणि पोर्ट क्रमांकाची नोंद ठेवते. डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटींनुसार अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. पोलिसांनी तारीख, वेळ, पत्ता आणि पोर्ट क्रमांक दिला की कंपनी त्यांना कनेक्शन कुणाचं ते सांगू शकते. घरात त्या वेळी फोन कुणाच्या हातात होता, हे कंपनीला दिसत नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता, आणि घरच्या साध्या राउटरमधली नोंद बहुतेक वेळा वीज गेली की पुसली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

हा धोका जुना आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना एक ईमेल गेला होता. तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरच्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. वाय-फाय बाहेरच्या माणसाला वापरता येईल अशा स्थितीत होतं. त्या गृहस्थाचा संबंध नाही हे स्पष्ट होईपर्यंत त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना ग्राहकांचं वाय-फाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या त्या याच पार्श्वभूमीवर.

तिसरी पायरी: राउटर बंदिस्त करा

एक संध्याकाळ यासाठी काढा. राउटरच्या पोटावर स्टिकर असतं, त्यावर राउटरचा पत्ता, ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडून तो पत्ता टाका. लॉगिन होत नसेल तर कंपनीच्या माणसाने पासवर्ड बदललेला असेल. त्याला फोन करून विचारा. कृपा करून टाचणीने मागचं रिसेटचं बारीक बटण दाबू नका. त्यात कंपनीची सगळी मांडणी पुसली जाते, नेट बंद पडतं आणि आमचा माणूस येईपर्यंत दोन दिवस जातात. आठवड्यातून एकदा तरी आम्हाला असा फोन येतो.

आत गेल्यावर आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे लक्षात ठेवा. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली आणि ॲडमिनचा म्हणजे घराचं कुलूप बदलण्याचा अधिकार. मग वाय-फायच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ आहे का बघा. डब्ल्यूईपी किंवा ओपन दिसलं तर लगेच बदला. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा, घराचं नाव किंवा मोबाइल नंबर नसलेला. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडणी करण्याची सोय असते, ती बंद करा. रिमोट मॅनेजमेंट म्हणजे बाहेरून राउटर उघडण्याची सोय, तीही बंद. मात्र आम्ही आमच्या कार्यालयातून राउटर दुरुस्त करायला टीआर-०६९ नावाची सोय वापरतो, तिला हात लावायच्या आधी कंपनीला विचारा.

शेवटी गेस्ट नेटवर्क चालू करा. बहुतेक नव्या राउटरमध्ये ते असतं. घरच्यांसाठी एक नाव आणि पाहुण्यांसाठी दुसरं, दुसऱ्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून तुमचे कॅमेरे, प्रिंटर, टीव्ही दिसत नाहीत, हा वेगळा फायदा.

आणि पीपीपीओई लॉगिनचं नाव-पासवर्ड म्हणजे तुमच्या कनेक्शनची ओळख. ते कागदावर लिहून राउटरवर चिकटवलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. ते काढून कपाटात ठेवा.

चौथी पायरी: कॅमेरे आणि इतर यंत्रं

बागायतीला, बंद घराला, गाडीच्या शेडला कॅमेरे लावायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. घरचे परदेशी असतील तर ते योग्यच आहे. पण कॅमेरा हा छोटा संगणक आहे आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर तो दुसऱ्याच्या हातात जातो. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने नेमकं हेच केलं. जगभरातले कॅमेरे आणि राउटर त्यांच्या मूळ पासवर्डने उघडून त्यांची फौज केली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) नावाच्या अमेरिकन कंपनीवर हल्ला चढवला आणि अनेक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

आम्हाला हे कसं दिसतं? एखाद्या घरातून रात्रभर बाहेर प्रचंड डेटा जातो आणि घरात कुणी नसतं. बाहेरून तक्रार येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, त्यामुळे कंपनी आधी लाइन थांबवते आणि मग तुम्हाला फोन करते. त्या वेळी वाद न घालता कॅमेऱ्याचा प्लग काढा, पासवर्ड बदला, उत्पादकाच्या ॲपमधून सॉफ्टवेअर अद्ययावत करा, मग परत लावा. बंद झालेलं नेट साधारण त्याच दिवशी सुरू होतं.

व्हायरस लागलेला संगणक हजारो ईमेल पाठवू लागतो, तोही असाच सापडतो. यावर उपाय म्हणून बऱ्याच कंपन्या घरगुती लाइनवर पोर्ट २५, म्हणजे मेल सर्व्हरचा ईमेल पाठवायचा मार्ग, बंदच ठेवतात. तुमच्या नेहमीच्या ईमेलला त्याने काही होत नाही. घरातून स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा असेल तर व्यावसायिक प्लॅन आणि स्थिर आयपी घ्या.

पाचवी पायरी: खोल्या, होमस्टे, शॅक

गोव्यातली सगळ्यात नाजूक जागा हीच. इथे थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, लाइन विकणं. शेजाऱ्याकडून महिन्याला तीनशे रुपये घेऊन भिंतीवरून केबल टाकून देणं, वरच्या मजल्यावरच्या चार भाडेकरूंकडून नेटचे वेगळे पैसे घेणं, हे ग्राहक नियमांत बसत नाही. धंदा म्हणून दूरसंचार सेवा देणाऱ्याला सरकारची परवानगी लागते. विनापरवाना सेवा देण्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या ४२व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तीनशे रुपयांवर कुणी दोन कोटींचा दंड करेल असं मी म्हणत नाही. पण कंपनीला कळलं तर ती लाइन तोडू शकते आणि त्या शेजाऱ्याने काही केलं तर पत्र तुमच्या घरी येतं.

पैसे घेऊन वाय-फाय द्यायचंच असेल तर सरळ मार्ग आहे. पीएम-वाणी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला मंजुरी दिली. तिच्यात दुकानदार, कॅफेवाला, शॅकवाला पब्लिक डेटा ऑफिस म्हणून काम करू शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, सरकारला शुल्क द्यावं लागत नाही. पब्लिक डेटा ऑफिस ॲग्रिगेटर म्हणून नोंदलेल्या एखाद्या कंपनीशी जोडून घ्यायचं. ग्राहकाची ओळख, लॉगिन, नोंदी, पैशांचा हिशेब ती सांभाळते. सीझनमध्ये हजारो माणसं येऊन जाणाऱ्या किनारपट्टीच्या गावांत ही योजना फार उपयोगाची आहे आणि आपल्याकडच्या दुकानदारांनी तिच्याकडे बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

होमस्टे किंवा चार-पाच खोल्यांचं गेस्टहाउस असेल तर व्यावसायिक प्लॅन घ्या आणि व्हाउचर, म्हणजे प्रत्येक पाहुण्याला वेगळा तात्पुरता पासवर्ड देणारा राउटर बसवा. पाहुणा आला की तुम्ही त्याचं ओळखपत्र घेताच. विदेशी असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवताच. त्याच वेळी त्याच्या नावाने एक व्हाउचर काढायचं, खोली सोडायच्या दिवशी ते आपोआप मरतं. रजिस्टरमध्ये नावापुढे व्हाउचर क्रमांक लिहायचा. एवढी एक रेघ वाढवली की उद्या कुणी विचारलं तर ११ वाजून ४२ मिनिटांना कोण होतं ते तुम्हाला सांगता येतं.

महिन्यांच्या बोलीवर घर देताना माझा सल्ला कडक आहे: भाडेकरूला स्वतःच्या नावावर कनेक्शन घ्यायला सांगा. करारात तसं लिहा, पोलिसांकडे भाडेकरूची पडताळणी करा. किनारपट्टीवरच्या भाड्याच्या बंगल्यांत परदेशी लोकांना फसवणारी बनावट कॉल सेंटरं आणि क्रिकेटच्या मोसमात सट्ट्याचे अड्डे गोवा पोलिसांनी अनेकदा पकडले आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने सरसकट बंदी आली आहे. अशा घरात लाइन भाटकाराच्या, म्हणजे घरमालकाच्या नावावर असेल तर भाटकाराचं पुढचं वर्ष कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात जातं.

अजून एक फसवणूक सांगून ठेवतो. कुणी येतं, सभ्य बोलतं, म्हणतं तुमच्या घरात आमचं एक छोटं यंत्र ठेवा, तुमच्या नेटला जोडा, महिन्याला पाच हजार देतो. त्या यंत्राला आठ, सोळा, बत्तीस सिमकार्डं घालायच्या खाचा असतात. परदेशातून इंटरनेटने आलेले कॉल ते स्थानिक कॉल म्हणून सोडतं. याला सिम बॉक्स म्हणतात आणि बेकायदा एक्स्चेंज चालवण्यासाठी ते वापरतात. ठेवू नका. आधीच ठेवलं असेल तर पोलीस येण्याची वाट न बघता स्वतः पोलिसांकडे जा.

सहावी पायरी: ‘अनलिमिटेड’ म्हणजे किती

अनेक कंपन्यांच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये बारीक अक्षरांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग कमी होतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१६ च्या निर्देशानुसार अशा वेळीही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही.

साध्या घराला एवढा डेटा संपत नाही. पण हिशेब करून बघा. एक कॅमेरा सतत २ एमबीपीएसने क्लाउडवर चित्र पाठवत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जातात. चार कॅमेरे, तीस दिवस, झाले जवळजवळ २,६०० जीबी, घरात कुणी एक चित्रपट न बघता. म्हणून कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावर ठेवा आणि क्लाउडवर फक्त हालचाल दिसली तर पाठवा.

आमच्याकडे बहुतेक जोडण्या जीपॉन पद्धतीच्या आहेत. एका फायबरवर खाली साधारण २.५ गिगाबिट आणि वर १.२५ गिगाबिट, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. कुणी एकाने दिवसभर टॉरेंट अपलोड चालू ठेवलं तर त्याचा त्रास वाड्यावरच्या सगळ्यांना होऊ शकतो. दुसऱ्यांच्या वापराला बाधा आणू नये असं कलम प्रत्येक कागदात असतं ते यासाठी.

इथे जत्रांबद्दल दोन शब्द. देवळाच्या प्रांगणात नाटक असतं आणि गावाबाहेर गेलेल्या लोकांसाठी कुणीतरी ते थेट प्रक्षेपित करतं. भावना फार चांगली आहे. पण नाटक लेखकाचं असतं, प्रयोग मंडळाचा असतो. दोघांची लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पायरेटेड चित्रपट उतरवून ते पुढे वाटण्यालाही हेच कलम लागू शकतं. टॉरेंट उतरवतानाच वाटतही असतं, हे घरातल्या पोरांना समजावून सांगा. गावच्या आरतीचं, घुमटवादनाचं प्रक्षेपण करायचं असेल तर आदल्या दिवशी आम्हाला कळवा, अपलोडचा वेग तपासून देतो. ऐन वेळी माणूस सापडत नाही.

मनाईच्या यादीतलं उरलेलं

बाकी गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात, थोडक्यात शिक्षा सांगतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख वापरणं, ६६-क, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसरा असल्याचं भासवून फसवणूक, ६६-ड, तेवढीच शिक्षा. कुणाचे खाजगी अवयव त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं, ६६-ई, तीन वर्षं किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं चित्र शोधणं किंवा उतरवणं हासुद्धा ६७-ब खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असं काही आलं तर पुढे पाठवून निषेध करू नका. ग्रुप सोडा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा.

केबल आणि खांब यांचंही एक कलम असतं. कंपनीचा ओएनयू, म्हणजे भिंतीवरचा फायबरचा डबा, बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो. फायबर दुमडून खिळ्याखाली दाबू नका. त्याच्यावरचा LOS लिहिलेला लाल दिवा लुकलुकला तर प्रकाश पोहोचत नाही, एवढंच समजा आणि फोन करा. वीज खात्याच्या खांबावर चढून स्वतः केबल ओढणं जिवावर बेतू शकतं.

पत्र किंवा फोन आला तर

आधी खरं आहे का बघा. ट्राय तुमचा नंबर किंवा कनेक्शन तोडण्यासाठी फोन करत नाही. ‘तुमच्या आयपीवरून गुन्हा झालाय, व्हिडिओ कॉलवर या, पैसे जमा करा’ असं कुणी म्हणालं तर ती फसवणूक आहे. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खरी नोटीस लेखी असते, तिच्यावर ठाणं, गुन्हा क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव आणि कलम असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९४ कलम म्हणजे कागदपत्रं मागितली आहेत. १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलंय. त्यात महिलांना आणि साठ वर्षांवरच्या पुरुषांना राहत्या जागेखेरीज कुठे हजर राहायला लावता येत नाही. मास्तरांना हे माहीत नव्हतं, ते वयाच्या सत्तरीत बसने फिरले. ३५(३) लिहिलेलं असेल तर संशयित म्हणून विचारणा आहे, तेव्हा वकील घेऊनच जा.

तोवर राउटर रिसेट करू नका, फोन पुसू नका. राउटरला जोडलेल्या यंत्रांच्या यादीचे फोटो काढा, भाड्याचं रजिस्टर बाजूला ठेवा, त्या रात्री घरात कोण होतं ते आठवून लिहा.

कंपनीच चुकत असेल तर

नियम तुम्हाला बांधतात तसे कंपनीलाही बांधतात. २०१८ मध्ये परवान्यात नेट न्यूट्रॅलिटीची अट आली. सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय कंपनी आपल्या मर्जीने एखादं कायदेशीर संकेतस्थळ किंवा ॲप अडवू शकत नाही, मुद्दाम मंदावू शकत नाही. व्हीपीएन वापरणं ग्राहकाला मना नाही. घरून काम करणाऱ्या पोरांना कुणी तसं सांगितलं तर ते चूक आहे.

चुकीच्या कारणाने लाइन तोडली तर तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, शुल्क नसतं, एकोणचाळीस दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं लिहून दिवस घालवू नका. पुढे दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. ग्राहक आयोगाला दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तिथे शुल्क नाही.

घर सोडताना

घर विकलं, भाड्याने दिलं, मुलाकडे पुण्याला निघालात, तर कनेक्शन तसंच सोडून जाऊ नका. नवा माणूस तुमच्या नावावर नेट वापरत राहतो. लेखी अर्ज देऊन बंद करा, ओएनयू आणि त्याचा अडॅप्टर परत करा, डब्याच्या मागचा सिरीयल नंबर पावतीवर लिहून घ्या. पावतीवर बंद केल्याची तारीख आणि वेळ दोन्ही मागा. मास्तरांनी भाड्याच्या खोल्यांची लाइन मागच्या महिन्यात वेगळी करून भाडेकरूच्या नावावर केली. जुन्या कनेक्शनची पावती आता त्यांच्या त्याच वहीत, आधारच्या झेरॉक्सशेजारी टाचलेली आहे.